पुणे ते श्रीपेरुंबुदूर आणि परत: स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक पॅड कसे निवडावेत

ट्रॅक डेचं, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवसाचं, बुकिंग झालं की फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात भारी ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारा भाग) कुठला?" मी उलट विचारतो, "गाडी चालवत नेणार की फ्लॅटबेडवर टाकून?" चिंचवडला माझं वर्कशॉप आहे. पोर्शे केमन, बीएमडब्ल्यू एम२, स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, मिनी अशा गाड्यांच्या ब्रेकची कामं आम्ही करतो आणि गिऱ्हाइकांबरोबर ट्रॅकवरही जातो. माझ्या या एका प्रश्नाच्या उत्तरावर पॅडची निम्मी निवड होऊन जाते.

चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट पुण्याहून अकराशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. खंबाटकी, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत गेलं की श्रीपेरुंबुदूरच्या पुढे इरुंगट्टुकोट्टैला, हायवेजवळच, ट्रॅक लागतो. तिथे दिवसभराची सगळी सेशन्स मिळून गाडी फार तर तास-दीड तास जोरात पळणार. जाऊन-येऊन बावीसशे किलोमीटर मात्र ती हायवेवर असणार, आणि हायवेवर ब्रेक जवळजवळ थंडच असतात. अर्धा तास ब्रेकला पायही लावलेला नसतो आणि दुभाजकाच्या फटीतून बाइकवाला आडवा येतो. त्या क्षणी डिस्क चाळीस-पन्नास अंशांवर असते. पहिल्याच दाबाला पकडणारा पॅड तिथे हवा. म्हणून चालवत जाणाऱ्याने पॅडच्या थंड वागणुकीपासून सुरुवात करावी आणि मग वरची मर्यादा बघावी. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

उष्णतेचा हिशोब

पॅड निवडणं म्हणजे तापमान निवडणं. हे पटायला थोडं गणित करू. चालकासह सुमारे १,४५० किलोची ७१८ केमन धरा. सिग्नलला ६० वरून शून्यावर आली तर ब्रेकना साधारण ०.२ मेगाज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी २०० वरून ८० वर आणली तर जवळपास १.९ मेगाज्यूल, म्हणजे नऊपटींहून जास्त, आणि तीसुद्धा साडेतीन सेकंदांच्या आत. हवेचा रोध यातला थोडा वाटा उचलतो, पण बराचसा भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो.

आता हे बोरघाटाशी लावून बघा. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. इंजिनाची मदत अजिबात न घेता, सगळा घाट ब्रेकवर उतरला तरी या केमनचे ब्रेक पावणेआठ मेगाज्यूलच्या आसपास खातील. म्हणजे २०० वरून ८० वर येणारे चार-सव्वाचार ब्रेक. घाटात ही उष्णता दहा-पंधरा मिनिटांत पसरून, वाऱ्यावर निवत जाते. ट्रॅकवर ती लॅप-दोन लॅपमध्ये येते आणि पुढच्या लॅपला पुन्हा येते. "मी दर रविवारी ताम्हिणीत गाडी हाणतो, ब्रेकला काही होत नाही," असं म्हणणाऱ्या माणसाच्या ब्रेकची परीक्षा अजून झालेलीच नसते. (आणि ताम्हिणीत ती करूही नये, तिथे समोरून एसटी येते.)

कंपनीचा मूळ पॅड शांत, कमी धुळीचा आणि थंडीत, म्हणजे तापण्याआधीच, लगेच पकडणारा बनवलेला असतो. साधारण तीनशे-चारशे अंशांपर्यंत तो ठीक चालतो. ट्रॅकवर डिस्क पाचशे-सहाशेपर्यंत सहज जाते. तिथे मूळ पॅडमधलं रेझिन (पॅडचा मसाला बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) जळायला लागतं, पॅड आणि डिस्कच्या मध्ये वायू सुटतो आणि पेडल दगडासारखं घट्ट असूनही गाडी थांबत नाही. यालाच पॅड फेड म्हणतात. अंदाजाने बोलण्यापेक्षा डिस्कच्या बाहेरच्या कडेला थर्मल पेंटचे तीन ठिपके लावा. हिरवा ४३० अंशांना रंग बदलतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. एक सेशन करून या आणि बघा. हिरवाच बदलला असेल तर तुम्हाला खऱ्या रेसिंग पॅडची गरज नाही, कोणी काहीही सांगो. लालही पांढरा पडला असेल तर पॅडच्या आधी डिस्कच्या थंडाव्याचं, हवेच्या डक्टचं बोलायला हवं. पिटमध्ये उभ्या गाडीवर इन्फ्रारेड गन धरून मिळणारा आकडा मी फारसा धरत नाही. कूल-डाउन लॅप करून गाडी आत येईपर्यंत डिस्क बरीच निवलेली असते, आणि चकचकीत पृष्ठभागावर गनसुद्धा कमीच दाखवते. ठिपका मात्र सर्वांत जास्त तापमान नोंदवून बसलेला असतो.

ट्रॅकप्रमाणेही हा हिशोब बदलतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे. तिथे तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला चौथं, आवळ वळण. मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिलं वळणही तसंच. दमदार गाडीचे ब्रेक तिथे सगळ्यात जास्त भाजतात. कोइम्बतूरची करी मोटर स्पीडवे त्यामानाने छोटी, वेग कमी. पण पट्टे आखूड असल्यामुळे दोन ब्रेकच्या मध्ये निवायला वेळही कमी मिळतो. तेव्हा मित्राने करीवर वापरलेला पॅड बुद्धवरही पुरेल, असं धरून चालू नका.

टायरही लक्षात घ्या. टायर जितका चिकट तितका ब्रेक जोरात मारता येतो आणि तितकी उष्णता कमी वेळात तयार होते. साध्या टायरवर पुरणारा पॅड मिशलिनच्या कप २ सारख्या चिकट टायरवर अपुरा पडू शकतो. टायर वरच्या दर्जाचे घेतलेत तर पॅडचा विचार पुन्हा करा.

डब्यावर काय वाचायचं

पॅडच्या कडेला किंवा बॅक प्लेटवर (मसाल्यामागच्या धातूच्या पट्टीवर) छापलेल्या कोडमध्ये शेवटी दोन अक्षरं असतात: एफएफ, जीएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंड पॅडचा घर्षण गुणांक सांगतं, दुसरं तापलेल्याचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्याही वर. इथे लोक फसतात, कारण ही चाचणी इंचभर चौरस तुकड्यावर होते आणि साडेतीनशे अंशांच्या आतच संपते. ट्रॅकवरचं काम त्याच्या पुढे सुरू होतं. म्हणून अक्षरं बघून एवढंच ठरवायचं की थंडीत हा पॅड मूळ पॅडपेक्षा कमजोर तर नाही ना. वरच्या टोकासाठी बनवणाऱ्याने दिलेला तापमान आणि गुणांकाचा आलेख मागायचा.

आलेख बघताना शिखराकडे बघू नका. रेघ किती सपाट आहे ते बघा. शंभर अंशांना ०.३० आणि चारशेला ०.५५ अशी उडी मारणारा पॅड आकड्यात दांडगा दिसतो, पण दर लॅपला पायाखाली वेगळा लागतो आणि तुम्ही वळणात जाताना ब्रेक सोडण्याची लय कधीच बसवू शकत नाही. नवीन चालकाला मी नेहमी सपाट रेघेचा, मध्यम गुणांकाचा पॅड देतो. फेरोडोचा डीएस२५०० हे त्याचं चांगलं उदाहरण: सरासरी गुणांक ०.४२ च्या आसपास, आणि तो थंडीपासून ५०० अंशांपर्यंत फारसा हलत नाही.

दुसरी खूण आर९० ची. वर्तुळातलं ई आणि जवळ ९०आर असा शिक्का असेल तर तो पॅड युरोपच्या नियमात बसतो, म्हणजे त्याची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के वर-खालीच्या मर्यादेत आहे. आपल्याकडे विकत घेताना हे कोणी विचारत नाही, पण मी विचारतो. गाडीचं एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल मूळ पॅडच्या पकडीवर बेतून बसवलेलं असतं. पकड फार तिखट झाली आणि तुम्ही उंचवट्यावर पेडलला लाथ घातल्यासारखा पाय मारला, तर चाक क्षणात थबकतं, एबीएसला वाटतं रस्ता निसरडा आहे, आणि ते ब्रेकचा दाब कापून टाकतं. पेडल घट्ट, गाडी पुढे. ज्याला हा अनुभव येतो तो पॅड फेड झाला असं समजून आणखी तिखट पॅड घेतो, आणि त्रास वाढतो.

कुठला वर्ग कोणाचा

नावांच्या जंगलात न शिरता मी पॅडचे ढोबळ वर्ग करतो. मूळ पॅडच्या जरा वरचे, म्हणजे हॉकचा एचपीएस वगैरे, घाटासाठी छान. ट्रॅकसाठी घेऊ नका, विषय संपला.

मधला वर्ग आपल्या कामाचा. डीएस२५००, एन्डलेसचा एमएक्स७२, ईबीसीचा यलोस्टफ, हॉकचा एचपी प्लस. थंडीत पकडतात आणि ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांचं सेशन निभावतात. स्वभाव मात्र वेगवेगळे. एचपी प्लस दांडगा आहे, पण रोजच्या वापरात ओरडतो आणि धूळ फार टाकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री अकराला गाडी लावताना तो किंचाळला की शेजारी खिडकीत येतात. यलोस्टफ आर९० मान्यतेचा आहे आणि पहिल्या दाबाला छान पकडतो. हलक्या गाडीवर मी तो आनंदाने लावतो, जड आणि ताकदवान गाडीवर ट्रॅकसाठी नाही. माझी स्वतःची पसंती सांगायची तर चालवत जाऊन चालवत येणाऱ्या, तीनशे हॉर्सपॉवरच्या आतल्या गाडीला डीएस२५०० किंवा एमएक्स७२. आवाज थोडा सहन करावा लागतो.

त्यावरचा वर्ग खऱ्या ट्रॅक पॅडचा: फेरोडोचा डीएस१.११, पागिडचा पिवळा आरएस२९, हॉकचे डीटीसी-६० आणि डीटीसी-७०. हे उष्णतेला घाबरत नाहीत. लांब शर्यतीसाठी बनवलेले आरएस२९ किंवा डीएस१.११ थंडीतही बऱ्यापैकी पकडतात. काही रेसिंग पॅड मात्र थंड असताना डिस्कला कानशीसारखे खरवडतात. त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे. पॅड गरम झाला की त्याच्या मसाल्याचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पॅड त्या थरावर काम करतो. थंडीत हा थर टिकत नाही. मग पॅडमधले कठीण कण थेट लोखंड कापतात. म्हणजे पॅड हायवेवर शांतपणे वापरून तुम्ही डिस्क संपवत असता. केमनसारख्या गाडीच्या डिस्कची जोडी कितीला येते ते शोरूमला विचारा, मग पॅडचा खर्च किरकोळ वाटेल.

आपल्या पावसाचाही यात भाग आहे. जून ते सप्टेंबर डिस्क कायम ओली. तिखट धातूच्या पॅडची धूळ ओल्या अलॉयवर बसली की गंजते आणि रंगात रुतते, नुसत्या पाण्याने निघत नाही. ट्रॅक पॅडवर गाडी पावसात भिजली असेल तर त्याच संध्याकाळी चाकं धुवा.

एकच सेट की दोन

वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅकवर जात असाल आणि गाडी घरची बाकी माणसंही चालवत असतील, तर मधल्या वर्गाचा एकच सेट लावा आणि ट्रॅकवर सेशन आखूड ठेवा. "घरची माणसं" हा मुद्दा मी मुद्दाम विचारतो. मुलीला क्लासला सोडायला गाडी नेणाऱ्या बाईंना किंवा आजोबांना हे माहीत नसतं की पहिले दोन सिग्नल ब्रेक मऊ लागणार आहे. त्यांच्या पायाखाली मूळ पॅडसारखंच वागणारं काहीतरी हवं.

त्याहून जास्त जात असाल तर दोन सेट घ्या. रस्त्याचा लावून जा, ट्रॅकवर आदल्या संध्याकाळी बदला, परत येताना पुन्हा बदला. केमनसारख्या फिक्स्ड कॅलिपरला (कॅलिपर म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) पिन काढून पॅड वरून सरकवायचा असतो, सराव असेल तर चारही चाकांचं काम तासाभरात होतं. स्लायडिंग, म्हणजे पिनांवर सरकणाऱ्या, कॅलिपरच्या व्हीआरएसला थोडा जास्त वेळ लागतो. मागच्या कॅलिपरमध्येच इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची मोटर असेल तर स्कॅन टूलने सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन दाबू नका, यंत्रणा तुटते. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली नाही हे आधी बघा, कारण सांडलेलं ऑइल रंग खातं.

दोन सेट ठेवायचे तर शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच घराण्याचे घ्या. एका पॅडने चढवलेल्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड घासला तर थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "डिस्क वाकडी झाली." डायल गेज लावून मोजलं की बहुतेक वेळा डिस्क सरळच निघते, तिच्यावर मसाला असमान चढलेला असतो. जाती बदलायच्याच असतील तर डिस्कचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने आडवा-उभा घासून साफ करा, किंवा ट्रॅकसाठी डिस्कही वेगळ्या ठेवा.

पुढे एक, मागे एक?

पैसे वाचवायला नुसते पुढचे पॅड बदलणारे खूप. पुढे तिखट आणि मागे मूळ असं केलं की पुढची चाकं आधी एबीएसमध्ये जातात, मागचे ब्रेक निम्मं काम करून बसून राहतात, आणि सगळी उष्णता पुढे साचते. गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. त्याच्या विरुद्ध केलं तर ते धोक्याचं: मागे जास्त पकड आली की वळणात जाताना ब्रेक मारल्यावर गाडीची शेपूट सुटते. सरळ मार्ग म्हणजे चारही चाकांना एकच कंपाउंड, म्हणजे एकाच मसाल्याचा पॅड. फरक करायचाच तर मागे त्याच घराण्यातला एक पायरी सौम्य.

चारही चाकांच्या पॅडकडे लक्ष देण्याचं आणखी एक कारण इलेक्ट्रॉनिक्स. स्टॅबिलिटी कंट्रोल गाडी सांभाळायला एकेका चाकाचा ब्रेक गुपचूप लावत असतं. फोक्सवॅगन-स्कोडाचं एक्सडीएस वळणात आतल्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं. म्हणजे तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर असतानाही पॅड भाजत असतो. एखाद्याच चाकाचा पॅड दुप्पट झिजलेला दिसला तर आधी स्लायडर पिन अडकल्यात का बघा; त्या ठीक असतील तर हे कारण.

ऑइल आधी

हे माझं ठाम मत आहे: ज्याच्या बजेटमध्ये पॅड आणि ब्रेक ऑइल यापैकी एकच बसतं, त्याने ऑइल बदलावं. पॅड फेड झाला तर पेडल घट्ट राहतं आणि जोर लावून थोडीतरी पकड मिळते. ऑइल उकळलं तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. तिथे काहीच मिळत नाही. डॉट ४ या ऑइलच्या दर्जाची उत्कलनांकाची किमान अट नव्या ऑइलला २३० अंश, आणि ओलावा शोषल्यावर १५५. कोकणात किंवा मुंबईत राहणारी गाडी असेल तर तो ओलावा लवकर शिरतो. एटीई टाइप २०० चा उत्कलनांक नवा असताना २८० आहे, मोतुल आरबीएफ ६०० चा ३१२. ट्रॅकच्या आठवड्यात ताजं भरा, चारही चाकं नीट ब्लीड करा (नळ्यांतली हवा काढा), सील उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

पॅडची जाडीही याच्याशी जोडलेली आहे. पातळ झालेला पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट पिस्टनला आणि पिस्टनमागच्या ऑइलला जाते. शिवाय पातळ पॅड जास्त तापून जास्त वेगाने झिजतो. निम्म्याहून कमी उरलेला पॅड घेऊन ट्रॅकवर जायचं नाही. "एवढं सेशन निघेल" असं म्हणत निघालेल्या गाड्या दुपारी बॅक प्लेटवर घासत आत आलेल्या मी पाहिल्यात. कार्ल बेंझची पत्नी बेर्टा १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला पहिला लांबचा मोटारप्रवास करत निघाली, तेव्हा उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले आणि वाटेतल्या चांभाराकडून तिने त्यांवर चामडं ठोकून घेतलं. श्रीपेरुंबुदूरला तुमच्या गाडीचा पॅड ठोकून देणारं कोणी भेटणार नाही. सुटा सेट डिकीत ठेवा. आणि बाहेरून मागवायला वेळ लागतो, म्हणून तारीख ठरली त्याच दिवशी ऑर्डर द्या. घाईत अनोळखी विक्रेत्याकडून स्वस्तात मिळालेल्या डब्यात नक्कल निघू शकते. बॅक प्लेटवरचा बॅच नंबर आणि कडेचा कोड नसेल, किंवा डब्याशी जुळत नसेल, तर तो पॅड लावू नका.

बेड-इन

नवीन पॅड बसवून थेट जोरात पळवलात तर त्यातलं ताजं रेझिन वायू सोडतं आणि तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला पकड नाहीशी होते. म्हणून थर आधी हळूहळू चढवायचा, यालाच बेड-इन म्हणतात. बनवणाऱ्याची पद्धत असेल तर तीच पाळा. मधल्या वर्गासाठी मी असं करतो: पहाटे, मोकळ्या सरळ रस्त्यावर, आरशात मागे कोणी नाही बघून, ताशी ९०–१०० वरून २०–३० वर, मध्यम ते घट्ट दाबाने, आठ-दहा वेळा, मध्ये थोडा श्वास देत. गाडी पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला की तिथे ठसा उमटतो. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरवून निववायची. डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक आली पाहिजे. एक्स्प्रेसवे हे काम करायची जागा नाही, कितीही पहाट असो. ट्रॅक पॅडला याहून जास्त उष्णता लागते, ती रस्त्यावर आणताच येत नाही. त्याचं बेड-इन ट्रॅकवरच्या पहिल्या सेशनमध्ये करा आणि त्या सेशनमध्ये कमीत कमी वेळात लॅप मारायचा मोह सोडा.

पहिल्या सेशननंतर

खरी निवड इथे होते. कूल-डाउन लॅप करून आत आलात की हँडब्रेक लावू नका, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकाला ठोकळा द्या. मग पेडल दाबून बघा. मऊ, खोल जाणारं असेल तर दोष ऑइलचा, पॅड बदलून काही होणार नाही. घट्ट होतं पण गाडी थांबत नव्हती, तर पॅड त्याच्या मर्यादेबाहेर गेलाय. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला नेहमीसारखं असेल तर तुम्ही कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्यावर) जास्त चढताय: चाकाच्या धक्क्याने डिस्क हलते आणि पॅड आत ढकलला जातो. चाकाच्या बेअरिंगचा खेळही (ढिलेपणा) तपासा. वळणातून गाडी नेण्याची ओळ बदलल्यावर हे थांबलं तर बेअरिंग ठीक आहे.

निवल्यावर चाक काढा. पॅडच्या कडा राखेसारख्या पांढुरक्या झाल्या असतील, कोपरे चुरा होऊन पडत असतील, तर एक वर्ग वर जा. तोंड काचेसारखं गुळगुळीत चमकत असेल तर ते ग्लेझ झालंय. हे बऱ्याचदा फार हळू आणि फार लांब ब्रेक मारल्यामुळे होतं. अशा वेळी पॅड दोषी नसतो. उशिरा, जोरात आणि थोडाच वेळ ब्रेक मारा, पॅड कमी तापेल. आत-बाहेरच्या पॅडच्या जाडीत फरक असेल तर स्लायडर पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजलेला असेल तर त्याची जागा उजवी-डावी बदलून वापरता येतो का बघा. सगळ्या पॅडना ते चालत नाही, बाण छापलेला असेल तर मुळीच नाही. डिस्कवर तड्यांच्या केसासारख्या बारीक रेषा चालतात. रेष नखाला अडकली किंवा कडेपर्यंत पोहोचली तर डिस्क संपली, त्या दिवसाचं ट्रॅकिंगही संपलं.

हे सगळं वहीत लिहा: तारीख, ट्रॅक, हवेचं तापमान, टायर, ठिपक्यांपैकी कुठला बदलला, प्रत्येक पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये. पुढच्या वेळी माझ्याकडे आलात तर मला ब्रँडचं नाव सांगू नका, ही वही दाखवा.

परतीच्या आधी रस्त्याचे पॅड लावून श्रीपेरुंबुदूरमध्येच एक-दोन किलोमीटर हळू फिरवा, चार-पाच वेळा ब्रेक लावून पेडल जागेवर आलंय याची खात्री करा, मगच हायवेला लागा. काढलेल्या ट्रॅक पॅडवर मार्करने पुढे-मागे, उजवा-डावा, आतला-बाहेरचा असं लिहून ते कोरड्या डब्यात ठेवा. ग्रीसच्या हाताने त्यांच्या तोंडाला स्पर्श करू नका.